गुंठ्याचा भाव आणि घराची किंमत

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. ज्या जागेवर त्यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना चालत होता, ती जागा तिथल्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. शहर वाढलं, जागेला भाव आला आणि कारखान्याला उठावं लागलं. त्या अडचणीच्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळाची जागा देऊ केली. निवडुंग माजलेला, साप-विंचवांचा तो माळ कुणी फुकटातही घेतला नसता. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव, त्यांचे कामगार आणि कुटुंबं तिथं उतरली, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तो माळ आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. त्याच्या आसपास रामानंदनगर, बुर्ली, कुंडल आणि पलूस या पट्ट्यात आज गुंठ्याचा भाव विचारूनच माणूस जागेकडे पाऊल टाकतो. माती तीच आहे आणि आकाशही तेच. मग मधल्या शंभर वर्षांत त्या जमिनीत असं काय मिसळलं, की तिची किंमत झाली?

या प्रश्नाच्या उत्तरात लहान शहरातल्या घरबाजाराचं सगळं मर्म आहे. पुण्या-मुंबईच्या घरांच्या किमतीवर रोज लिहिलं जातं, पण महाराष्ट्रातली लाखो कुटुंबं आपल्या आयुष्याची कमाई पलूससारख्या गावांत घालतात, आणि त्यांना समजावून सांगणारं फारसं कुणी नसतं. म्हणून हे प्रकरण पलूसच्या नावानं.

भाव कुठून येतो

संगीतातल्या पलुस्कर घराण्यामुळे पलूसचं नाव देशभर पोचलं, पण गाव म्हणून पलूस बरीच वर्षं तासगाव तालुक्यातलं एक मोठं खेडं होतं. गेल्या शतकाच्या शेवटी पलूस स्वतंत्र तालुका झाला. २००१ च्या जनगणनेत तो वेगळा दिसतो. पुढे ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली आणि २०१६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली.

तालुक्याचं ठिकाण होणं म्हणजे जागेच्या भावाला पहिली कलाटणी. तहसील कचेरी आली की तलाठी, मंडल अधिकारी, वकील आणि मुद्रांक विक्रेते येतात. पंचायत समिती आली की शिक्षक आणि ग्रामसेवक येतात. एसटीचं आगार आलं की चालक-वाहक आणि त्यांची कुटुंबं येतात. यांतल्या प्रत्येकाला आधी भाड्याची खोली लागते, आणि पाच-सात वर्षांनी ‘आता इथंच दोन गुंठे घेऊ’ असा विचार घरात सुरू होतो. महिन्याच्या महिन्याला पगार येणारी ही माणसं लहान शहराच्या घरबाजाराचा पाया असतात, कारण बँक त्यांनाच सहज कर्ज देते.

दुसरा आधार कारखान्यांचा. किर्लोस्करवाडीत पंप बनतात, पलूसला औद्योगिक वसाहत आहे, कुंडलला क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना आहे, आणि भिलवडीत चितळ्यांची डेअरी १९३९ पासून आहे. किर्लोस्करवाडीनं तर घरबाजाराशिवायचं गाव कसं असतं हेही दाखवून दिलं. तिथं कंपनीनं कामगारांसाठी घरं बांधली, शाळा काढली, बागा फुलवल्या. ना कुणी प्लॉट विकत होतं, ना कुणी घेत होतं. पण नोकरीबरोबर मिळालेलं घर नोकरीबरोबरच सोडावं लागतं. निवृत्तीचा दिवस जवळ आला की कामगाराला स्वतःचं छप्पर शोधावं लागतं, आणि ज्या मातीत तीस-पस्तीस वर्षं काढली तिथून फार लांब जावंसं वाटत नाही. फंडाचे पैसे मग जवळपासच्याच गुंठ्यात जातात.

तिसरा आधार पाण्याचा, आणि तो सगळ्यात जुना. कृष्णा तालुक्याच्या कडेनं वाहते. ताकारी उपसा योजनेनं आणि आरफळ कालव्यानं नदीपासून लांबच्या माळालाही पाणी पोचलं. जिथं ज्वारी-बाजरी व्हायची तिथं ऊस आणि द्राक्षं आली. याचा घराच्या किमतीशी संबंध सरळ आहे. जिरायत माळ शेतकरी सहज विकतो, पण द्राक्षबाग लागलेली जमीन मोडायला त्याचा हात धजत नाही. दरवर्षी चार पैसे देणारी जमीन सोडायची तर मोबदलाही तसाच भरघोस हवा. म्हणजे गावाबाहेरच्या प्लॉटचा तळभाव शेतातलं पाणी ठरवतं.

पैसा येण्याच्या वेळाही बाजारावर आपला ठसा उमटवतात. उसाचं बिल, द्राक्षांचा हंगाम, बेदाण्याचा सौदा हे सगळं वर्षाच्या ठरावीक दिवसांत येतं. म्हणून इथं पायाची कुदळ हिवाळ्याच्या शेवटी पडते, स्लॅब उन्हाळ्यात पडतो आणि वास्तुशांत पाडवा किंवा अक्षय्य तृतीया धरून होते. द्राक्षांना अवकाळीनं झोडपलं की त्या वर्षी अर्धवट उभे राहिलेले बंगले जागोजाग दिसतात. खांबांच्या सळ्या आकाशाकडे बोट करून उभ्या असतात, पुढच्या हंगामाची वाट बघत. शेजारच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी गाळून जो पैसा गावाकडे आणतात, त्यातूनही या भागात घरं उभी राहतात.

बोललेला भाव आणि झालेला भाव

‘गुंठ्याला काय चाललंय?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारला की तत्काळ आकडा मिळतो. पण तो आकडा बहुधा बोललेला असतो, झालेला नसतो. मोठ्या शहरात एकाच इमारतीत वर्षाला दहा फ्लॅट विकले जातात, त्यामुळे तुलना करता येते. लहान गावात एका गल्लीत पाच वर्षांत एखादंच घर विकलं जातं. तो व्यवहारही कधी भावाभावांतला असतो, कधी कुणाच्या दवाखान्याच्या खर्चापायी घाईत केलेला असतो, तर कधी शेजाऱ्यानं आपली भिंत पुढे न्यायची म्हणून चढ्या दरानं केलेला असतो. अशा एका व्यवहारावरून साऱ्या गावाचा भाव धरणं म्हणजे एका शितावरून अख्ख्या भाताची परीक्षा करणं. भात एकाच पातेल्यातला असेल तर ठीक, पण इथं प्रत्येक घराची चूल वेगळी.

सरकारचा आकडा म्हणजे रेडी रेकनर, वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. नगरपरिषद हद्दीत घर घेताना साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क बसतं, आणि नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते. या भागात घरं अजून बहुतांशी पुरुषांच्याच नावावर होतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. रेडी रेकनर सगळ्या विभागाला एक दर लावतो. त्यामुळे रस्त्याकडेच्या जागेला तो कमी पडतो आणि बोळातल्या जागेला जास्त. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांत राज्यानं हे दर वाढवले नाहीत, म्हणून बाजार थांबला असं झालं नाही. रेडी रेकनरला भाव समजू नये. तो कर आकारण्याचा तळ आहे.

बँकेचा आकडा तिसराच. मूल्यांकक येतो, मोजतो आणि किंमत लिहून देतो. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला बँक मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते. आता समजा, सौदा ३० लाखांचा ठरला आणि मूल्यांककानं किंमत २५ लाख लिहिली. कर्ज जास्तीत जास्त साडेबावीस लाख मिळणार. उरलेले साडेसात लाख आणि मुद्रांक-नोंदणीचे आणखी दोन लाख दहा हजार खिशातून काढायचे. लहान गावातले कितीतरी सौदे विसार दिल्यावर इथंच अडकतात. म्हणून विसार देण्याआधी बँकेचं मूल्यांकन करून घेणं शहाणपणाचं.

घर म्हातारं होतं, जागा होत नाही

घराची किंमत म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंची बेरीज. एक जागा आणि दुसरं बांधकाम. दोन्हींचं वागणं उलट असतं.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. समजा दोन गुंठे जागा पाच लाख रुपये गुंठ्यानं दहा लाखांना घेतली आणि त्यावर १,००० चौरस फुटांचं घर दोन हजार रुपये फुटानं वीस लाखांत बांधलं. घर तीस लाखांचं झालं. बांधकामाचं आयुष्य साठ वर्षं धरलं, तर वीस वर्षांनी त्याची एक तृतीयांश किंमत घसाऱ्यात जाते, आणि वीस लाखांचे सुमारे तेरा लाख उरतात. त्याच काळात जागेचा भाव वाढून दहाचे वीस-पंचवीस लाख झाले तर माणूस म्हणतो, ‘घराची किंमत वाढली.’ खरं तर घर झिजलं आणि जागा वाढली.

हे कळलं की एक नेहमीची चूक टळते. भोवती सगळी साधी घरं असताना एकानं संगमरवर आणि कोरीव दरवाजे घालून साठ लाखांचा बंगला बांधला, तर विकताना ते साठ लाख उभे राहत नाहीत. त्या गल्लीत येणारं गिऱ्हाईक त्या ताकदीचं नसतं. बंगला स्वतःच्या सुखासाठी जरूर बांधावा. मात्र ती गुंतवणूक आहे असं मुलाबाळांना सांगू नये.

भाड्याचा हिशेबही करून बघावा. वरच्या तीस लाखांच्या घराला महिन्याला सात हजार भाडं आलं, तर वर्षाचे ८४,००० होतात, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या जरा वर. बँकेतली ठेवही यापेक्षा जास्त देते. म्हणून लहान शहरात भाड्यावर जगायला दुसरं घर बांधणाऱ्यानं दहा वेळा विचार करावा. राहायला पहिलं घर घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला मिळणारा निवारा भाड्याच्या आकड्यात मावत नाही.

स्वस्त गुंठा स्वस्त का असतो

गावाबाहेर दोन प्लॉट शेजारी शेजारी असतात. एक बिगरशेती केलेला, दुसरा तसाच तुकडा पाडलेला. भावात जवळजवळ दुपटीचा फरक. घेणाऱ्याला वाटतं, पहिला लुटतोय. तेव्हा हिशेब मांडून बघा.

समजा एक एकर जमीन साठ लाखांना घेतली. सरळ भागाकार केला तर गुंठा दीड लाखाला पडला. पण रीतसर रेखांकन करायचं तर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे चार गुंठे गेले. अंतर्गत रस्त्यांत आणखी आठ गेले असं धरू. विकायला उरले अठ्ठावीस. साठ लाखांना अठ्ठाविसानं भागलं की गुंठा दोन लाख चौदा हजारांवर जातो. मोजणी, बिगरशेती आकारणी, खडीचे रस्ते, गटारं, विजेचे खांब यांचा खर्च चौदा लाख धरला तर तो दोन लाख चौसष्ट हजारांना पडतो. व्याज आणि नफा पुढेच आहे. तुकडे पाडून विकणारा हे काहीच करत नाही. त्याचा प्लॉट स्वस्त असतो, कारण रस्ता, गटार आणि कागद हे तिन्ही त्यानं घेणाऱ्याच्या गळ्यात घातलेलं असतं.

या वाटेनं गेलेल्या वस्त्या सांगली-मिरजेला पुष्कळ आहेत. तिथल्या गुंठेवारीतल्या माणसांनी वर्षानुवर्षं पावसाळ्यात चिखलातून वाट काढली आहे. नळ, वीज आणि नोंद यांसाठी त्यांना मोर्चे काढावे लागले. शेवटी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी विकासाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच्याही आधी, १९४७ पासून, तुकडेबंदीचा कायदा आहे. शेतजमिनीचे इतके बारीक तुकडे पडू नयेत की त्यावर शेतीच होणार नाही, हा त्याचा हेतू. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी किमान मर्यादा ठरली. तुकडे नियमित करण्याच्या सवलती अधूनमधून येत राहतात. पण उद्याच्या सवलतीवर आजचं घर बांधू नये.

सातबारा वाचायला शिका

दोन गुंठे घ्यायला निघालेला माणूस जागा चार वेळा बघतो, दिशा बघतो, शेजार बघतो, आणि सातबारा मात्र घडी घालून खिशात ठेवतो. तो कागद उलगडून सावकाश वाचला तर अर्धी फसवणूक टळते.

आधी बघा भोगवटादाराचा वर्ग. वर्ग १ असेल तर मालक विकायला मोकळा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. वतन, इनाम किंवा पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा या वर्गात असतात. मग ‘इतर हक्क’ हा रकाना. गावातल्या विकास सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचा हक्क, कोर्टातला दावा हे सगळं तिथं बारीक अक्षरांत असतं. सिंचन प्रकल्पांच्या लाभक्षेत्रातल्या काही उताऱ्यांवर पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेराही असतो, आणि तो उठल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. त्यानंतर फेरफारांचे क्रमांक. प्रत्येक क्रमांकामागे एक गोष्ट असते. वडील कधी वारले, वारस कोण लागले, कुणाचं नाव कमी झालं आणि का.

इथंच बहिणींचा प्रश्न येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निःसंदिग्ध केला. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ या शब्दावर ज्यांनी जागा घेतल्या, त्यातल्या कित्येकांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली. बहिणीची सही घेणं हे सोपस्कार म्हणून करू नये. तो तिचा हक्क आहे, आणि तो मान्य करूनच सौदा स्वच्छ होतो.

गावठाणातल्या घरांची अडचण वेगळी. तिथं सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपरिषदेच्या कराच्या उताऱ्यावर नाव असतं आणि लोक त्यालाच मालकी समजतात. तो फक्त कर भरल्याचा पुरावा आहे. मालकीसाठी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका लागते. ज्या गावांत ती नव्हती, तिथं २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरावर कर्ज न मिळणाऱ्या माणसाला त्या एका कागदानं बँकेचं दार उघडतं. घर तेच, भिंती त्याच, कागद आला आणि किंमत आली.

पाण्याची रेघ

पलूस तालुक्यात घराची किंमत सांगणारी आणखी एक खूण आहे, आणि ती कुठल्याही उताऱ्यावर नसते. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, ब्रह्मनाळ या कृष्णाकाठच्या गावांत जुन्या भिंतींवर मातकट रंगाची एक आडवी रेघ दिसते. काही ठिकाणी ती खिडकीच्या वर आहे. ती २०१९ च्या पुराची. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. २००५ ला पूर आला होता, २०२१ ला पुन्हा आला. सोळा वर्षांत तीन मोठे पूर.

पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधणं म्हणजे नदीच्या अंगणात चूल मांडणं. काठावरची काळी जमीन सोन्यासारखी पिकते, आणि तिच्यावरचं घर मात्र दर पुराला भाव गमावतं. पलूस शहर नदीपासून आत आहे. पुरात कपाटं, धान्य आणि जनावरं गमावलेल्या माणसाला पाणी न चढणाऱ्या जागेचं मोल नव्यानं कळलं. अशा जागेचा चढा भाव हा त्या निर्धास्त झोपेचा भाव आहे.

म्हणून जागा बघायला गेलात की दलालाआधी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, “तात्या, एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?” ते हातातली काठी भिंतीला टेकवून दाखवतील. त्या काठीच्या टोकाला त्या जागेची खरी किंमत कळते.

निष्कर्ष

१९१० च्या त्या निवडुंगाच्या माळाकडे परत येऊ. त्या जमिनीत शंभर वर्षांत मिसळली ती खात्री. आधी पगाराची खात्री आली, मग पाण्याची, रस्त्याची, शाळेची, कचेरीची. एकेक खात्री आली तसा भाव चढला. आणि जिथं कागदाची किंवा पुराची खात्री नाही, तिथं आजही भाव अडून बसतो.

तेव्हा घर घेणाऱ्यानं गुंठ्याचा भाव सगळ्यांत शेवटी विचारावा. त्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका वाचावी, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत, सगळ्या वारसांच्या सह्या घ्याव्यात, पूररेषेचा नकाशा बघावा आणि एक तरी चक्कर भर पावसात त्या जागेवर मारावी. याला काही हजार रुपये आणि दोन महिने लागतील. आयुष्यात बहुतेकांचं घर एकदाच होतं. त्या एकदाच्या गोष्टीला दोन महिने द्या.